वाळवणीच्या ब्लोअरसाठी मोटार निवडताना
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण सोयाबीनचे बियाणे घरीच राखतात. मळणीच्या सुमारास परतीचा पाऊस लागला, की उन्हात वाळवण होत नाही. म्हणून काहींनी ब्लोअरची वाळवणी कोठी बसवली आहे. आज मी पिकाविषयी नव्हे, त्या ब्लोअरच्या मोटारीविषयी बोलणार आहे.

त्याला कारण आमच्या घरी झालेली चूक. हवा जास्त मिळावी म्हणून वडिलांनी मोटारीवर मोठी पुली बसवून घेतली. शेतीशास्त्र शिकवणारा मी शेजारीच उभा होतो. मीही हरकत घेतली नाही. दुसऱ्याच रात्री मोटार जळाली. बाहेर पाऊस आणि कोठीत ओले सोयाबीन. दोन दिवसांत माल तापला. नंतर उगवण तपासली, तर शंभर दाण्यांतले निम्मेही उगवले नाहीत. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण लागते. राखलेले बियाणे शेवटी धान्याच्या भावाने विकावे लागले.

चूक कुठे झाली? ब्लोअरचे फेरे वाढवले, की हवा त्याच प्रमाणात वाढते. मात्र लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्के वाढवले, तर मोटारीवरचा भार सुमारे ३३ टक्के वाढतो. उलट फेरे २० टक्के कमी केले, तर शक्ती जवळजवळ निम्मीच लागते. तेवढीच हवा सोडण्यास सव्वापट वेळ जातो, तरीही १०० युनिटांचे काम सुमारे ६४ युनिटांत होते. मात्र माल फार ओला असताना हवा कमी करू नये. दाण्याला बुरशी लागते.

तेव्हा मोटार घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ब्लोअरला किती शक्ती लागते ते बनवणाऱ्याकडून लिहून घ्यावे. दोन अश्वशक्तीच्या कामाला पाचची मोटार घेतल्याने हवा वाढत नाही, खर्च मात्र वाढतो.

दुसरी, पाटीवरचा कार्यक्षमतेचा वर्ग वाचावा. दोन अश्वशक्तीच्या, चार ध्रुवांच्या थ्री-फेज मोटारीची कार्यक्षमता आयई-१ वर्गात ७७.२ टक्के, तर आयई-३ वर्गात किमान ८५.३ टक्के असते. पूर्ण भारावर तासाला सुमारे ०.१८ युनिट वाचते.

तिसरी, वर्षाचे तास मोजावेत. ५०० तास चालवल्यास सुमारे ९२ युनिटे वाचतील. त्यांना आपल्या बिलातील दराने गुणावे आणि किमतीतील फरकाशी ताडून पाहावे. हंगामात आठवडाभरच कोठी चालत असेल, तर महाग मोटारीचे पैसे लवकर फिटणार नाहीत. तेथे योग्य पुली, नीट ताणलेला पट्टा आणि स्वच्छ जाळी यांचाच फायदा अधिक. ज्यांची कोठी सोयाबीननंतर मका, हळद यांसाठीही चालते, त्यांनी आयई-३ मोटारच घ्यावी.

जुनी मोटार वारंवार रिवाइंड केलेली असेल, तर तिच्यावर बियाण्याची भिस्त ठेवू नये.

शेवटी एक विनंती. मळणीपूर्वीच कोठी भरलेली असते तशा भारावर ब्लोअर चालवून वायरमनकडून करंट मोजून घ्या. तो पाटीवरील अँपिअरपेक्षा जास्त भरला, तर आधी पुली बदला आणि मगच माल कोठीत भरा. हे काम आमच्याकडून राहून गेले. तुमच्याकडून राहू नये.