वाऱ्याचा भार आणि बांधकामाचे नियम



वाऱ्याच्या भारावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. परांचीवरून पडलेल्या माणसांची प्रकरणे तेथे येत. ती समजून घ्यावयाची म्हणून बांधकामाची नियमपुस्तके आम्हाला उघडावी लागली. त्यांत जे सापडले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

इमारतीचे वजन खाली दाबते, हे कोणालाही उमजते. वारा मात्र आडवा ढकलतो, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 28 डिसेंबर 1879 रोजी स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट कोसळला. त्याच्या आराखड्यात वाऱ्याची वेगळी तरतूद केलेली नव्हती, असे चौकशीत बाहेर आले. मग ब्रिटिश सरकारने रेल्वेपुलांसाठी चौरस फुटाला 56 पौंड दाब धरण्याचा दंडक घातला. माणसे मेल्यावर नियम होतो, हा अनुभव कामगार कायद्यांच्या बाबतीत आपणांसही नवा नाही.

आपल्याकडे भारांविषयीचे मानक 1957 मध्ये प्रथम निघाले आणि 1964 मध्ये सुधारले गेले. त्याची रीत सोपी होती. नकाशात आपला प्रदेश पाहावा आणि चौरस मीटरला 100, 150 किंवा 200 किलो यांपैकी जो आकडा असेल तो घ्यावा. तीस मीटर उंचीपर्यंत तोच आकडा, त्यापुढे उंचीप्रमाणे वाढ. हे नियम वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळच्या इमारती बसक्या होत्या आणि त्यांच्या विटांच्या जाड भिंती पुष्कळसा धक्का सोसून घेत.

1987 च्या सुधारणेने दाबाऐवजी वेगाचा नकाशा दिला. जमिनीपासून दहा मीटरवर, तीन सेकंदांच्या झोताचा, सरासरी पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाणारा वेग त्यात आहे. मुंबईला तो सेकंदाला 44 मीटर आहे, पुण्याला 39, तर मद्रास व कलकत्ता येथे 50. त्यानंतर इमारतीचे अपेक्षित आयुष्य, भोवतालची जमीन आणि उंची, टेकडीचा चढउतार, यांचे गुणक लावावयाचे. मुंबईचा मूळ वेग घेतला तर दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो येतो, पुण्याचा सुमारे 93. उघड्या समुद्रकाठची इमारत आणि दाट वस्तीतली इमारत यांचा हिशेब वेगळा झाला. उंची रुंदीच्या पाचपटीहून अधिक झाली, तर इमारत किती डुलेल हेही तपासणे आले.

2015 च्या सुधारणेने आणखी एक पाऊल टाकले. वारा समोरून आला तरी उंच इमारत आडव्या दिशेने हेलकावते, त्याची गणना करण्याची रीत तिने दिली. शेजारच्या उंच इमारतीमुळे वाऱ्यात होणारा फरकही विचारात घेतला. पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा येथे इस्पितळे, शाळा, निवारे यांच्यासाठी वेग 1.3 पट धरावा असे सांगितले. म्हणजे जोर जवळजवळ 1.7 पट झाला.

तरीही नियम पाळला म्हणजे सारे झाले असे नाही. न्यूयॉर्कची 59 मजली सिटीकॉर्प इमारत 1977 मध्ये पुरी झाली. तिचे खांब कोपऱ्यांत नसून बाजूंच्या मध्यावर होते. तेथील तेव्हाच्या नियमाप्रमाणे वारा बाजूवर काटकोनात येतो असे धरून हिशेब पुरेसा होता. कोपऱ्यावरून येणारा वारा तिला अधिक घातक आहे, आणि वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरल्याने सांधे कमजोर राहिले आहेत, हे 1978 मध्ये तिच्याच अभियंत्याला उमगले. वेल्डरांनी रात्री-रात्री काम करून पोलादी पट्ट्या जोडल्या. आत काम करणाऱ्यांना खरा धोका कोणी सांगितला नाही. त्यातच शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप होता. जगाला ही गोष्ट 1995 मध्ये कळली.

आता आमच्या कामाची गोष्ट. बांधकाम चालू असताना उभी राहणारी तात्पुरती रचना, म्हणजे सेंट्रिंग आणि त्याचे टेकू, यांचे आयुष्य हे मानक पाच वर्षे धरते. म्हणून मुंबईत त्यांना वेगाचा गुणक 0.73 लागतो. हिशेब केला तर दाब 118 ऐवजी सुमारे 63 किलो होतो. यामागचा तर्क खोटा नाही. थोडे दिवस उभ्या राहणाऱ्या रचनेला मोठे वादळ गाठण्याचा संभव कमी असतो. परंतु गवंडी आणि सळया बांधणारा एका इमारतीवरून दुसरीवर जातो, आणि त्याचे सारे आयुष्य तात्पुरत्या रचनेवरच जाते. तेव्हा कमी भार धरण्याची सवलत घेणाऱ्याने वादळाची सूचना येताच माणसे खाली उतरविण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

नियम मोडला तर काय होते ते 13 मे 2024 रोजी घाटकोपरला दिसले. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असता तेथील फलक एकशे वीस बाय एकशे वीस फुटांचा होता. क्षेत्र नऊपट म्हणजे वाऱ्याची पकडही नऊपट. वादळात तो पेट्रोल पंपावर पडला आणि सतरा माणसे गेली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक उंच बांधकामावर वारा मोजण्याचे यंत्र असावे. किती वेगाला क्रेन थांबवावयाची व परांची रिकामी करावयाची, तो आकडा मराठीत व हिंदीत फळ्यावर लिहावा. आणि वाऱ्यामुळे काम थांबले तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली जाणार असेल तर पोटासाठी माणूस वाऱ्यातही वर चढणारच, मग पुस्तकातले गुणक कितीही बिनचूक असोत. ही मागणी मान्य होण्यासाठी आपल्यासारख्या नागरिकांनी आमच्या बाजूने उभे राहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.