वाद, जल्प आणि वितंडा

आपल्याकडील नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडण्याचा जो उद्योग, ती वितंडा. सजीव सृष्टी ईश्वराने आजच्याच रूपात निर्माण केली की ती क्रमाक्रमाने उत्क्रांत झाली, या पाश्चात्त्य जगातील जुन्या भांडणाकडे पाहताना हे तीन शब्द फार उपयोगी पडतात.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे घडला. आपण वानराचे वंशज आहात ते आजोबांकडून की आजीकडून, असे बिशप विल्बरफोर्स यांनी हक्स्ले यांना विचारले म्हणे; आणि हक्स्ले यांनीही त्यांना तोडीस तोड उत्तर दिले. त्या सभेचा शब्दशः वृत्तान्त कोणी टिपून ठेवलेला नाही आणि उपस्थितांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. हा निव्वळ जल्प.

गंमत अशी, की याच बिशपसाहेबांनी त्याच वर्षी डार्विनच्या ग्रंथावर लिहिलेले परीक्षण खुद्द डार्विनला मोठे चतुर वाटले. आपल्या विवेचनातील अनुमानावर उभे असलेले भाग त्यांनी नेमके हेरले आहेत, अशी कबुली त्याने मित्राला दिली. माणूसच तसा होता. १८५९ च्या त्या ग्रंथात त्याने आपल्याच सिद्धान्तापुढील अडचणींसाठी एक सबंध प्रकरण राखून ठेवले होते. आपले शास्त्रकार आधी पूर्वपक्ष मांडीत, तसेच हे.

त्यातली एक अडचण अशी : एका जातीतून दुसरी उद्भवली असेल, तर मधल्या अवस्थांचे प्राणी कोठे आहेत? हरकत रास्त होती. तिचे उत्तर वक्तृत्वाने देण्याजोगे नव्हते. कुदळीनेच द्यायचे होते. मत्स्य आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी सापडायचा तर साधारण साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडेल, असे अनुमान बांधून नील शुबिन व त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातील एल्समेर बेटावर गेले. एकदा नव्हे, अनेकदा. २००४ साली तेथे ‘टिकटालिक’ मिळाला. अंगावर माशाचे खवले, माशाचेच पर. पण मान मोकळी, डोके चपटे, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे!

येथे गोष्ट संपली असती तर ती फारच सोयीची झाली असती. २०१० साली पोलंडमधील याहूनही जुन्या खडकांतले ठसे प्रसिद्ध झाले. ते चतुष्पादांच्या पावलांचे असल्याचे शोधकांचे म्हणणे होते. ते मान्य केले, तर टिकटालिक हा चतुष्पादांचा साक्षात पूर्वज ठरत नाही. त्या कुळातला मागे उरलेला भाऊबंद ठरतो. हे आक्षेपकांनी शोधून काढले नाही. शास्त्रज्ञांनीच ते छापले आणि आपसात त्यावर भांडले.

प्रतिपक्षी मात्र म्हणतात, की पूर्वी एक फट होती, आता एक प्राणी मिळाल्याने दोन झाल्या. हे ऐकायला खुमासदार आहे. पण ही वितंडा. ईश्वर आहे की नाही, हा येथला प्रश्नच नव्हे. अनेक श्रद्धाळू शास्त्रज्ञांनी उत्क्रांती मानलेली आहे. प्रश्न एवढाच, की त्यांच्या मताप्रमाणे कोणत्या काळच्या खडकात काय सापडेल, आणि काय सापडले असता ते आपले मत सोडतील?