बंदर वाचून आलो
(महाल, नागपूर येथे प्रौढ साक्षरांच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर ‘बंदर’ हा शब्द लिहिला. सगळ्यांनी तो बरोबर वाचला. मी विचारलं, “बंदर म्हणजे काय?” एक आजी लगेच म्हणाल्या, “रामटेकला असतात ते!” सगळे हसले. मीही हसलो. पण आजींचं काही चुकलं नाही. आपलं नागपूर समुद्रापासून फार लांब. आपल्याला पाणी ठाऊक ते नाग नदीचं, नाही तर गांधीसागर तलावाचं. आपण बंदर पाहिलं कुठं?

बंदर म्हणजे जहाजांचं स्टेशन. तिथं जहाजं येतात, थांबतात, माल उतरवतात, माल भरतात आणि पुढं जातात. असं एक परदेशातलं बंदर मी पाहून आलो. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

मी रेल्वेत मालबाबू होतो. माझी मुलगी व जावई सिंगापूरला राहतात. महिनाभर त्यांच्याकडं गेलो होतो. जावई म्हणाले, “बाबा, काय पाहायचं? बाग पाहायची, की मोठाली दुकानं?” मी म्हणालो, “मला बंदर दाखवा. जन्मभर मी माल चढवला. तो पुढं कुठं जातो, ते एकदा डोळ्यांनी पाहू द्या.”

समुद्रातला चौक

सिंगापूर हा लहानसा देश आहे. एक मोठं बेट आणि भोवती लहान बेटं. शेती जवळजवळ नाही. पण जागा मोक्याची आहे. आपल्या बाजूनं चीन-जपानकडं जाणारी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. सामुद्रधुनी म्हणजे दोन जमिनींमधली समुद्राची चिंचोळी वाट. त्या वाटेच्या तोंडाशी सिंगापूर आहे. चौकातलं दुकान चालतं, तसं हे बंदर चालतं.

आधी आम्ही माउंट फेबर नावाच्या टेकडीवर गेलो. खाली बंदर दिसलं. उंच उंच क्रेन रांगेनं उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही मरिना साऊथ पियर नावाच्या धक्क्यावर गेलो. तिथून बेटांकडं जाणाऱ्या बोटीत बसलो. बोट पुढं निघाली आणि दोन्ही बाजूंना जहाजंच जहाजं. पोळ्याला बैल उभे राहावेत, तशी ती नांगर टाकून उभी होती.

काही जहाजांत खनिज तेल होतं. काही जहाजं पेट्यांसारखी चौकोनी. त्यांच्या पोटात नव्या मोटारी. काहींवर लोखंडी डब्यांच्या उतरंडी रचलेल्या. लहान तेलबोटी मोठ्या जहाजांना चिकटून त्यांना इंधन देत होत्या. जगात जहाजांना सर्वांत जास्त इंधन याच बंदरात विकलं जातं. जहाजाला पाणी हवं, भाजीपाला हवा, दुरुस्ती हवी, सगळं तिथं मिळतं.

आणखी एक लहान बोट भरधाव चालली होती. तिच्यात वाटाड्या होता. त्याला पायलट म्हणतात. विमानाचा नव्हे, बंदराचा पायलट. नवखा ट्रकवाला महालाच्या गल्ल्यांत शिरला, तर अडकतोच ना? मग गल्लीतला एखादा पोरगा पुढं होऊन त्याला वाट दाखवतो. तसंच हे. कप्तान कितीही हुशार असो, परक्या बंदरात खडक कुठं, उथळ पाणी कुठं, हे त्या बंदराच्या माणसालाच ठाऊक. पायलट दोराच्या शिडीनं जहाजावर चढतो आणि कप्तानाला वाट सांगतो. टग नावाच्या लहान पण जोरकस बोटी जहाजाला ढकलून, ओढून धक्क्याला लावतात.

इथं आमच्या वर्गातल्या एका बाईंनी मला मधेच थांबवलं होतं. “काऊन जी, एवढं लोखंड पाण्यावर राहतेच कसं?” प्रश्न चांगला आहे. रिकामी गुंडी विहिरीत सोडून पाहा. ती तरंगते. तिच्यात पाणी भरलं की बुडते. गुंडी पितळेचीच, पण आतून पोकळ असते. म्हणून ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि वर राहते. जहाज म्हणजे अशीच एक मोठी पोकळ गुंडी.

जहाजावरच्या पाट्या

आता मुख्य गोष्ट सांगतो. बोटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की बंदर नुसतं पाहायचं नसतं, ते वाचायचं असतं. प्रत्येक जहाजावर काही ना काही लिहिलेलं आहे.

जहाजाच्या पुढच्या टोकावर त्याचं नाव असतं. मागच्या बाजूला नाव आणि त्याखाली एका गावाचं नाव असतं. ते जहाजाचं नोंदणीचं गाव. कुठं पनामा, कुठं मोनरोव्हिया. मालक दुसऱ्याच देशाचा असला, तरी नोंद तिथली असू शकते. मोठ्या जहाजाला सात आकडी नंबरही असतो. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी तो नंबर बदलत नाही.

झेंड्यांचीसुद्धा बाराखडी आहे. एकेक झेंडा म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर आणि त्याचा एक ठरलेला अर्थ. अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा वर असला, तर समजावं की पायलट जहाजावर आहे. नुसता पिवळा झेंडा असला, तर ते जहाज सांगतं, “आमच्याकडं रोगराई नाही, बंदरात येऊ द्या.” कप्तान कोणत्याही देशाचा असो, झेंडा सगळ्यांना वाचता येतो.

पोटावरची रेघ

जहाजाच्या पोटावर, अगदी मधोमध, एक गोल काढलेला असतो. त्या गोलातून आडवी रेघ जाते. शेजारी आणखी लहान लहान रेघा आणि अक्षरं असतात. इतका माल भरा, की पाणी या रेघेपर्यंत येईल. त्याच्या वर पाणी येता कामा नये.

रेघा अनेक का? उन्हाळ्याची रेघ वेगळी, हिवाळ्याची वेगळी. हिवाळ्यात उत्तरेकडचा समुद्र खवळतो, म्हणून तेव्हा माल कमी भरायचा. गोड्या पाण्याची रेघ वेगळी, कारण गोड्या पाण्यात जहाज जरा जास्त बुडतं. घरी करून पाहा. साध्या पाण्यात अंडं बुडतं. त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं, की अंडं वर येतं.

ही रेघ सुखासुखी आली नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काही मालक जुन्या जहाजांत बेसुमार माल भरत. जहाज पोचलं तर नफा. बुडालं तर विम्याचे पैसे. मरत ते खलाशी. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या माणसानं हे पार्लमेंटात मांडलं. पुष्कळांनी विरोध केला. पण तो हटला नाही. १८७६ साली कायदा झाला आणि जहाजांवर ही खूण सक्तीची झाली. पुढं सगळ्या जगानं ती घेतली. आजही तिला प्लिमसॉलची रेघ म्हणतात.

आपण बैलगाडीत पोती भरतो तेव्हा बैलाच्या मानेकडं पाहतो. जू जड झालं की एक पोतं उतरवतो. पण बैल निदान थांबून सांगतो. पाणी सांगत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात, १४ सप्टेंबर २०२१ ला वर्धा नदीत नाव उलटली. अकरा जणांचा जीव गेला. म्हणून सांगतो, नावेवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे, ते वाचा. वाचून मगच पाय टाका. पाटी नसली, तर नावाड्याला विचारा. नाव भरलेली दिसली, तर पुढच्या खेपेला जा.

लोखंडी डबा

पूर्वी बंदरात माल हमाल पाठीवर वाहत. पोती, पेट्या, गाठी एकेक करून जहाजात जात. एक जहाज भरायला दिवसच्या दिवस लागत. अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाचा ट्रकवाला होता. तो कापसाच्या गाठी घेऊन बंदरावर गेला आणि दिवसभर खोळंबला. तेव्हा त्याच्या मनात आलं, की गाठी उतरवण्यापेक्षा ट्रकचा अख्खा डबाच उचलून जहाजावर का ठेवू नये? अशी गोष्ट सांगतात. १९५६ साली त्यानं ५८ डबे घेऊन पहिलं जहाज सोडलं. त्या डब्याला आज आपण कंटेनर म्हणतो.

साधा कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. जगभर माप एकच. म्हणून तोच डबा ट्रकवर बसतो, रेल्वेवर बसतो आणि जहाजावरही बसतो. सिंगापूरला पहिलं कंटेनर-जहाज २३ जून १९७२ ला लागलं. २०२४ साली तिथं २० फुटी डब्याच्या मापानं ४ कोटींहून अधिक डबे हाताळले गेले. आज सर्वांत मोठी जहाजं ४०० मीटर लांब आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला साडेपाचशे पावलं लागतील. असं एक जहाज २० फुटी २४ हजार डबे नेतं.

आपल्याकडं उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आहे. ते १९८९ साली सुरू झालं. आपल्या नागपूर भागातला मालही डब्यात बसून रेल्वेनं तिथं जातो. म्हणजे समुद्र आपल्यापासून लांब असला, तरी आपला माल त्याला परका नाही.

डब्यानं एक वाईटही केलं, तेही सांगितलं पाहिजे. जगभरच्या बंदरांत हजारो हमालांचं काम गेलं. सिंगापूरला तुआस इथं नवं बंदर झालं आहे. तिथं डबे वाहणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरच नाही. यंत्रासमोर बसून लक्ष ठेवणारी माणसं तेवढी आहेत. पाठीचं काम गेलं. डोळ्यांचं आणि अक्षरांचं राहिलं.

एका आकड्याची गोष्ट

प्रत्येक डब्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असतात. अक्षरांवरून डबा कोणाचा ते कळतं. पुढचे सहा आकडे हा डब्याचा नंबर. शेवटचा सातवा आकडा चौकटीत असतो. तो राखणदार आहे. आधीच्या सगळ्या अक्षरांचा आणि आकड्यांचा ठरावीक हिशेब केला, की हा आकडा आला पाहिजे. नाही आला, तर कुठं तरी वाचण्या-लिहिण्यात चूक झाली.

जावयांनी हे समजावून सांगितलं आणि मी गप्प झालो. ते म्हणाले, “बाबा, काय झालं?” तेव्हा त्यांना जे सांगितलं, ते आज तुम्हांलाही सांगतो.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका स्टेशनावर होतो. काटोलकडचा एक शेतकरी संत्र्याच्या करंड्या घेऊन आला. मी बिल्टी लिहिली. गर्दी होती. बिल्टीवर मी १ लिहायच्या ठिकाणी ७ लिहिला. करंड्यांवरच्या चिठ्ठ्यांवर बरोबर १ होता. मी बिल्टी त्याच्यापुढं केली. त्यानं अंगठा उठवला आणि बिल्टी घडी करून खिशात ठेवली.

माल तिकडं पोचला. पण बिल्टीवर एक नंबर, करंड्यांवर दुसरा. तिथले लोक माल सोडेनात. तारा झाल्या, कागद फिरले. तोवर संत्री कुजली. पंधरा दिवसांनी तो माझ्याकडं आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “बाबू, मले वाचता आलं असतं, तर मी तेव्हाच सांगतलं असतं ना जी.”

मंडळी, चूक माझी होती. त्याची नव्हती. साहेबांना मी तसं लिहून दिलं. पण त्याची संत्री परत आली नाहीत. सिंगापूरला तो चौकटीतला आकडा पाहिला आणि मला वाटलं, माझ्या बिल्टीला असा राखणदार असता तर! मग वाटलं, राखणदार समोर उभा होताच. त्याला अक्षर येत नव्हतं, एवढंच. नोकरी संपल्यावर मी हा वर्ग धरला, तो याच कारणानं.

आता कोणी म्हणेल, “बाबूजी, आता तर यंत्रच नंबर वाचते. मग आमी कायले शिकावं?” खरं आहे, बंदरात आता कॅमेरे नंबर वाचतात. पण यंत्र वाचतं ते मालकाच्या सोयीचं. तुमच्या कापसाच्या काट्याची पावती, बँकेचं पुस्तक, सातबारा, हे तुमच्या वतीनं कोण वाचणार? ते तुम्हीच वाचायचं.

जहाजाच्या पोटावर रेघ असते. तिच्या वर पाणी आलं, तर जहाज जागचं हलवायचं नाही. आपणही अशी एक रेघ आखून घेऊ. वाचल्याशिवाय सही करायची नाही. घाई असो, गर्दी असो, समोरचा बाबू कितीही ओरडो. आधी आकडे पाहायचे. नाव पाहायचं. तारीख पाहायची. मग सही.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकानं घरातली एक पावती आणावी. आपण ती मिळून वाचू.