आपल्या नावानं जाणारी पत्रं

(ब्राह्मणपारा, रायपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इथून जवळच, बुढापाऱ्यात, माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. संपादक ते आणि रामराव चिंचोलकर, मालक वामन बळीराम लाखे. पण छपाईला रायपूर गाठायचं, पुढे तर नागपूर. छापखाना दुसऱ्याचा, टपाल सरकारचं, आणि छापलेल्या शब्दाची जबाबदारी मात्र या तिघांची. आज आपल्या संस्था ईमेल पाठवतात तेव्हा नेमकं हेच घडतं, फक्त जबाबदारीचा भाग आपण विसरतो.

आपल्या मंडळांच्या सचिवांची तक्रार ठरलेली: वेबसाइटवरून कार्यक्रमाचं निमंत्रण गेलं, पण कुणाला मिळालंच नाही. बहुतेक वेळा ते पोचलेलं असतं, स्पॅममध्ये. याचं मूळ १९८२ सालात आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याचे नियम, लिहून काढले. इंटरनेटवर तेव्हा मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था. पाठवणाऱ्यानं स्वतःचं म्हणून जे नाव सांगितलं ते खरं मानायचं, अशीच ती रचना होती. लिफाफ्यावर ‘प्रेषक’ म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं, आणि पोस्टमननं विचारू नये, तशी. त्या भोळेपणाची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

वेबसाइट स्वस्त सामायिक सर्व्हरवर असते. त्याच सर्व्हरवर शेकडो इतर वेबसाइट असतात, पत्ता सगळ्यांचा एकच. त्यातल्या एकीनं कचरा पाठवला की तुमचं निमंत्रणही संशयित ठरतं. शिवाय विषाणू शिरलेली यंत्रं पोर्ट २५ मधून, म्हणजे मेलच्या जुन्या दारातून, स्पॅम ओततात, म्हणून इंटरनेट आणि सर्व्हर पुरवणाऱ्या अनेक कंपन्या बाहेर जाणारा तो मार्ग बंदच ठेवतात. मेल सोपवण्यासाठी वेगळं दार हवं हे १९९८ मध्ये ठरलं, ते पोर्ट ५८७. तिथे आधी ओळख पटवावी लागते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वेबसाइटला स्वतःहून मेल पाठवू देऊ नका. सेंडग्रिड, ॲमेझॉन एसईएस, झोहोची झेप्टोमेल, अशी मेल पाठवण्यासाठीच असलेली सेवा घ्या, किंवा मंडळ लहान असेल तर जीमेलचाच सर्व्हर वापरा. वैयक्तिक जीमेलला दिवसाला साधारण ५०० मेलची मर्यादा आहे. गणेशोत्सवाच्या पत्रिकेला बहुतेक मंडळांना ती पुरते.

आता किल्लीचा प्रश्न. वेबसाइटमध्ये किंवा मेल पाठवणाऱ्या ॲपमध्ये सर्व्हरचं नाव, पोर्ट, युजरनेम भरलं की पासवर्डचा रकाना येतो, आणि तिथे लोक खात्याचा मुख्य पासवर्ड टाकून मोकळे होतात. जीमेलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही सवय मोडायला सुरुवात केली आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. आता आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग त्या ॲपपुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घ्यायचा. सोय असेल तिथे त्याहून बरं म्हणजे ‘गूगलनं साइन इन’ करून परवानगी देणं, त्यात पासवर्ड ॲपच्या हातीच लागत नाही. वेबसाइटमध्ये कुणी घुसलंच, तर ती एक परवानगी रद्द करायची. खातं वाचतं, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार वाचतो.

संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर आणखी एक काम उरतं, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. डोमेनच्या नोंदींत जाहीर करावं लागतं की आमच्या नावानं अमुक सर्व्हरच पाठवू शकतात. ही एसपीएफ नोंद. नवी सेवा घेतली की लोक जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी जोडतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच फसते. जुन्या ओळीतच नव्या सेवेचं नाव घाला. दुसरी खूण डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक पत्रावरची गणिती सही. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर ती जुळत नाही. तिसरी डीमार्क: वरच्या खुणा जुळल्या नाहीत तर पत्राचं काय करावं, ही तुमची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. गूगलच्या लेखी मोठं प्रमाण म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा अधिक. आपण त्यात बसत नसलो तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक सगळ्यांनाच हवी. मी तर तिन्ही करा म्हणेन. खर्च नाही, एका दुपारचं काम आहे.

आणि @gmail.com चा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून ठेवून दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून पाठवू नका. जीमेलची सही दुसरा कुणी करू शकत नाही. तो पत्ता वापरायचा तर सर्व्हरही जीमेलचाच हवा.

सगळं झाल्यावर एक चाचणी मेल स्वतःला पाठवा. जीमेलमध्ये उघडून ‘मूळ संदेश दाखवा’ निवडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. डीमार्कची सूचना सुरुवातीला ‘काहीच करू नका, फक्त अहवाल द्या’ अशीच ठेवा. अहवालांत आपले सगळे सर्व्हर ओळखू आले, पावत्या पाठवणाराही सुटला नाही, याची खात्री झाली की मगच ती कडक करा. आणि नवी कार्यकारिणी निवडून आली की पहिल्याच बैठकीत, बँकेतल्या सह्या बदलताना, ॲपचे जुने पासवर्डही रद्द करून नवे घ्या.