आपल्या मोटारीचे दुखणे
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत मोटारीवर बोला असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मला थोडा संकोच वाटला. तानसेनाच्या गावात प्लग आणि पॉइंट यांवर काय बोलायचे? पण मोटार हाही ग्वाल्हेरचा जुना विषय आहे. ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’च्या बसगाड्या एके काळी थेट दिल्लीच्या रस्त्यांवर धावत असत. १९४८ साली ती सेवा अपुरी ठरवून केंद्र सरकारने आपल्या हाती घेतली, म्हणजे तक्रारींची परंपराही आपल्याकडे तेवढीच जुनी आहे!

आज बोलायचे आहे ते आपल्या न्यासाच्या पांढऱ्या अँबॅसॅडरविषयी. गेल्या वैशाखात एका रात्री मुरारहून एका आजींना जयारोग्य रुग्णालयात नेत असता पडावाच्या पुलाच्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. आजींना धाप लागलेली, सोबत सूनबाई एकट्या. आपल्या चालकाने धावत जाऊन रिक्षा आणली आणि आजी वेळेवर पोहोचल्या. पण त्या दहा मिनिटांत त्या माउलीच्या मनाची काय अवस्था झाली असेल? दुसऱ्या दिवशी सूनबाई कार्यालयात आल्या आणि रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “काका, गाडी भरवशाची नसेल तर तसे आधी सांगत जा, आम्ही दुसरी सोय पाहू.” हे मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

त्यानंतर काय झाले ते आपण जाणता. एका दुकानात नवे प्लग घातले, दुसऱ्या दुकानात कार्ब्युरेटर खोलून धुतला, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. तीन पावत्या झाल्या, आणि गाडी मिस मारतच राहिली. शेवटी सांगण्यात आले की इंजिनच खोलावे लागेल. कार्यकारिणीत गाडी विकण्याचा ठराव आला. मी एक महिन्याची मुदत मागितली, आणि अध्यक्षांनी ती दिली.

‘मिस मारणे’ म्हणजे काय ते माताभगिनींसाठी पंगतीच्या भाषेत सांगतो. या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे चार पाने मांडलेली. त्यांची पाळी ठरलेली असते: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. ज्याची पाळी येईल त्याला पेट्रोल-हवेचे मिश्रण मिळायचे, ते दाबले जायचे, आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडायची. या तिन्हींतले एक जरी चुकले तरी ते पान रिकामे राहते आणि गाडीला झटका बसतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला पंचवीस ठिणग्या, म्हणजे कॉइलला एकंदर शंभर ठिणग्या पुरवाव्या लागतात. एवढ्या घाईत वाढपी अधूनमधून चुकला तर नवल नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा: दरवेळी एकच पान चुकते, की कोणतेही? एकच चुकत असेल तर दोष त्या पानापाशी आहे. त्याचा प्लग, त्याची वायर किंवा त्याचे व्हॉल्व्ह पाहावे. कोणतेही चुकत असेल तर दोष मुदपाकखान्यात, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, कार्ब्युरेटर अशा चौघांच्या सामाईक ठिकाणी. हा एक प्रश्न आधी विचारला असता तर नव्या प्लगांचे पैसे वाचले असते.

परीक्षा सोपी आहे, पण जपून करावी. इंजिन संथ चालू ठेवून एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढावी आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवावे. हजारो व्होल्टचा धक्का बसतो, म्हणून उघड्या हाताने करू नये. वायर हवेत लोंबकळतही ठेवू नये. वायर काढल्यावर इंजिन डगमगले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मुके निघाले तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळाले असण्याचा संभव, किंवा कोणी तरी दोन वायरींची अदलाबदल केलेली!

आमच्या गाडीचे चारही सिलिंडर काम करीत होते. उभ्या गाडीत इंजिन अगदी शांत, रस्त्यावर मात्र झटके. दुकानात गाडी उभी करूनच तपासली जाई, म्हणून ती प्रत्येक वेळी निरोगी ठरे. रोगी वैद्यापुढे बसला की खोकला थांबतो, तसा प्रकार.

पेट्रोल की ठिणगी, हा पुढचा प्रश्न. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू मरगळते आणि चोक थोडा ओढला की बरे वाटते. आपल्याकडे ज्येष्ठात पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते. तेव्हा पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय जुने चालक करीत. ठिणगी तुटत असेल तर मात्र दिवा मालवावा तसे इंजिन एकदम तुटते आणि एकदम लागते. आमचे दुखणे दुसऱ्या जातीचे होते. चोक ओढून काही फरक पडला नाही.

मग मी चालकाशेजारी बसून बाड्यापासून मुरारपर्यंत चार खेपा केल्या आणि प्रत्येक झटका वहीत टिपला. चौथ्या खेपेला ध्यानात आले की झटका वेगाचा नव्हे, पायाचा आहे. ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की त्या क्षणी बसतो, पाय स्थिर असला की नाही.

असे का व्हावे? डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट ज्या तबकडीवर बसवलेले असतात ती तबकडी जरा फिरती असते. कार्ब्युरेटरपासून आलेल्या बारीक नळीतली ओढ कमी-जास्त झाली की ती मागेपुढे सरकते आणि ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. इंजिन संथ असता ही ओढ नसते, म्हणून तबकडी हलत नाही. मी ती नळी काढली, कार्ब्युरेटरकडचे तोंड बुचाने बंद केले आणि गाडी पुन्हा मुरारला नेली. एकही झटका नाही! चालक माझ्याकडे पाहू लागला, आणि मी त्याच्याकडे.

परत येऊन डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले आणि बोटाने तबकडी हलवली. तिच्यावरच्या पॉइंटांना जोडणारी एक वीतभरही नसलेली वायर असते. वरचे वेष्टन धड होते, आतले तांब्याचे तंतू मात्र तुटलेले, दोन-तीनच शिल्लक. तबकडी हलली की तेही क्षणभर सुटत. पॉइंट बदलले तेव्हा नवे जोडले गेले ते याच जुन्या वायरीला. ती वायर मी आणली आहे, हातोहात पुढे द्या. तिच्या जागी बारीक तंतूंची लवचीक वायर घातली. साधी जाड वायर तिथे महिन्याभरात पुन्हा तुटते. खर्च एका चहाचा.

त्या दिवसापासून गाडी मिस मारलेली नाही. पण तिचे सर्व काही कुशल आहे असे मी म्हणणार नाही. हे इंजिन शिसेमिश्रित पेट्रोलच्या काळातले. त्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकी झिजत नसत. २००० सालापासून तसे पेट्रोल बंद झाले, ते योग्यच झाले. पण जुन्या इंजिनात बैठक झिजून टॅपेटची फट आतल्या आत कमी होत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या आहेत.

चौथ्या सिलिंडरचा दाबही इतरांहून कमी भरला. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजला. दाब वाढला असता तर रिंगा झिजल्या असे मानले असते. तो वाढला नाही, तेव्हा संशय व्हॉल्व्हवर आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता इंजिन थंड असता टॅपेट तपासणार आहोत. त्यात व्हॉल्व्ह जळालेला निघाला तर हेड उतरवावे लागेल आणि त्या खर्चाची मंजुरी मी कार्यकारिणीकडे मागेन. तोवर रात्रीची फेरी या गाडीने करू नये असे चालकाला सांगितले आहे, आणि त्या सूनबाईंनाही तसे कळवले आहे. ज्या तरुण मंडळींना हे काम पाहायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे.