वेगाचा खर्च

इंजिनाची शक्ति दोन रीतींनीं वाढवितां येते : त्याचें आकारमान वाढवून, किंवा आहे त्याच इंजिनांत पंपानें अधिक हवा कोंबून. अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जळतें. परंतु उष्णता व यंत्रावरील ताणहि वाढतो.

इंग्लंडांतील बेंटले मोटारींचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटले हे पहिल्या रीतीचे अभिमानी. शर्यतवीर टिम बर्किन ह्यांस दुसरी पसंत पडली. डॉरथी पॅजेट ह्या धनाढ्य बाईंनीं खर्चाचा भार उचलला, आणि साडेचार लिटरच्या बेंटलेस सुपरचार्जर बसला. ११० अश्वशक्तीचें इंजिन शर्यतीसाठीं २४० पर्यंत चढलें.

कसोटी लागली ती फ्रान्समधील ल मां येथें, १९३० च्या चोवीस तासांच्या शर्यतींत. बर्किन ह्यांनीं जर्मन मर्सिडीजला मागें टाकून प्रेक्षकांस थक्क केलें. पण सुपरचार्जरच्या दोन्ही बेंटले वाटेंतच निकामी झाल्या. जिंकली ती साडेसहा लिटरची, पंप नसलेली ‘स्पीड सिक्स’. आदल्या वर्षीं त्याच जातीच्या गाडींतून खुद्द बर्किनच विजयी झाले होते!

तो खर्च सर्वस्वीं व्यर्थ गेला असें मात्र नव्हे. १९३२ सालीं ब्रुकलंड्स येथें बर्किन ह्यांच्या सुपरचार्जरयुक्त एकआसनी गाडीनें ताशीं सुमारें १३८ मैलांचा वेग गांठला.

आज बहुधा टर्बोचार्जर वापरतात. तो इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरतो. आपल्या गाडीस तो बसवूं पाहणारानें त्याची किंमत विचारण्यापूर्वीं ठरवावें कीं, वेग कांहीं मिनिटांपुरता हवा कीं दिवसभर. दिवसभर हवा असेल, तर पिस्टन, रेडिएटर व ब्रेक ह्यांचाहि खर्च हिशेबांत धरलाच पाहिजे.