बाळंतपणाची तयारी आधीपासून



मी काही डॉक्टर नाही, गिरणीतला कामगार आहे. पण हा प्रश्न आपल्याच लोकांचा आहे. कामगार स्त्रीला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळालीच पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात ठणकावून सांगितले. १९३८ साली त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

आज नांदेड-लातूरकडे पुष्कळ घरांत तीन महिने होईस्तोवर दिवस गेल्याचे सांगत नाहीत. घात इथेच होतो. बाळाचा मेंदू-मणका ज्या नळीतून घडतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा बाईला स्वतःलाच पत्ता नसतो! म्हणून मूल हवे असे ठरले की आधी महिनाभर फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. नवरा-बायको दोघांनीही सिकलसेलची तपासणी करावी. हा आजार दोघांकडून मिळून बाळात उतरतो.

दिवस गेले की १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. निदान चार तपासण्या करा. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या १८० गोळ्या घ्या, पण चहाबरोबर नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर ठेवा.

आणि पुरुषांनो, त्या दिवशी कामावर खाडा करा, बायकोसंगं जा. बुडालेली हजेरी पुन्हा भरून निघते, गेलेली आई परत येत नाही.

जय भीम.